पासष्टीपुढच्यांनी सेटवर येऊ नये

मालिकेत मी आत्या होते. नवरा वारल्यावर भावाच्या घरी येऊन राहिलेली, भावजयीच्या फोडणीपासून पुतण्याच्या लग्नापर्यंत सगळ्यात नाक खुपसणारी, पण अडचणीच्या वेळी सगळ्यांच्या आधी पदर खोचून उभी राहणारी. प्रत्यक्षात मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर. नोकरीभर कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडून दिले आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकांतून कामं केली. नाट्यस्पर्धेच्या तालमी ऑफिस सुटल्यावर एका शाळेच्या वर्गात चालायच्या. बाकं भिंतीला सरकवायची आणि मधल्या जागेत उभं राहायचं. निवृत्तीनंतर एक मालिका चित्रीकरणासाठी कोल्हापुरात आली, त्यांना इथल्या भाषेत बोलणारी बाई हवी होती, आणि माझी निवड झाली. साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला 'कलाकार' म्हणून करारावर सही करायला सांगितलं.

कसबा बावड्याच्या पुढे, नदी ओलांडली की उसाच्या रानात एका बागायतदाराचं मोठं घर होतं. ते कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं. सकाळी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विहारापाशी यायची. गाडीत आधीपासून मेकअपदादा बसलेले असायचे. ते माझ्याहून वर्षभरानं मोठे. इथल्या स्टुडिओत सिनेमे व्हायचे तेव्हापासून या धंद्यात. माझ्या चेहऱ्यावर हात फिरवताना ते एक शब्द बोलत नसत, आणि काम संपलं की मग बोलणं थांबवत नसत.

चित्रीकरण थांबलं त्या दिवशी मी नव्या सुनेला दळण नीट न निवडल्याबद्दल झापत होते. वाक्य अर्ध्यावर असताना मॅनेजर आत आला आणि म्हणाला, "थांबवा. सगळं बंद झालंय. थोड्या दिवसांचा प्रश्न हाय, निरोप देतो." मी तोंडावरचा रंगही न उतरवता घरी आले. त्यानंतर किती काळ गेला ते सगळ्यांनाच माहीत आहे.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा बातमी आली की सरकारनं चित्रीकरणाला परवानगी दिली. अटी पुष्कळ होत्या. मास्क, तपासणी, माणसं कमी, गर्दीचे प्रसंग नाहीत. मी आत्याच्या नऊवाऱ्या धुऊन, इस्त्री करून ठेवल्या. साड्या कंपनीच्या होत्या, पण टाळेबंदीत माझ्याकडेच राहिल्या होत्या. मग मॅनेजरचा फोन आला.

"आत्या, एक सांगायचं होतं. तुम्हाला येता येणार न्हाय."

"का? मी ठणठणीत हाय की."

"तुमच्याबद्दल न्हाय वो. नियमच हाय. पासष्टच्या पुढचं कुणी सेटवर चालणार न्हाय. कलाकार असू दे, न्हायतर कामगार."

"किती दिवस?"

"ते त्यात लिवल्यालं न्हाय."

त्याचा आवाज पडलेला होता. तो मुलगा वाईट नव्हता. मी फोन ठेवला आणि दादांना लावला. त्यांनाही तोच निरोप गेला होता.

"ताई," दादा म्हणाले, "काल सकाळी मी मंडईत गेलतो. निम्मी मंडई माझ्या वयाची. भाजी इकत्यात, माल उतरत्यात. त्यांना कुणी इचारत न्हाय. मी कुणाच्या गालाला पावडर लावली की तेवढ्यातच रोग पसरणार व्हय?"

मुलाला मात्र नियम पटला होता. तो एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचे वडील त्याच सुमारास गेले होते, आणि शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. जेवताना तो म्हणाला, "आई, तुझ्याच जिवासाठी केलंय ते. पेन्शन आहे तुला. गप घरात बस."

"जिवाची काळजी मलाही आहे," मी म्हणाले. "पण मी रेशनच्या रांगेत उभी राहिलेली चालते, बँकेत गेलेली चालते, तू रोज कारखान्यातून येऊन माझ्या शेजारी जेवतोस ते चालतं. मग काम तेवढं का चालत नाही? जपून काम करा म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. त्यांनी काम करूच नका म्हटलंय."

तो ताटातलं अर्धं टाकून उठला, आणि मला कळलं की याला खरोखर भीती वाटते आहे.

आठवडाभरात कंपनीकडून मोबाईलवर कागद आला. इंग्रजीत होता. खाली माझं नाव आणि सहीसाठी जागा. सोबत मॅनेजरचा निरोप: नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही करून फोटो पाठवा. मी सही केली नाही. एक्स्चेंजमध्ये असताना आमच्या युनियनच्या बाई सांगायच्या, घाईनं मागितलेली सही उशिरा द्यावी. आणि त्याच दिवसांत मला पुण्याहून एक विचारणा आली होती. एका संस्थेला मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित करून हव्या होत्या. घरी बसून, मोबाईलवर वाचून पाठवायच्या. माझा आवाज त्यांनी मालिकेत ऐकला होता. मला ते काम फार हवं होतं. पण मालिकेच्या करारात असं होतं की तो चालू आहे तोवर दुसरीकडे कुठंही काम करायचं नाही.

दोन गल्ल्या पलीकडे एक वकीलबाई राहतात. जमिनीचे खटले, वाटण्या, साखर कारखान्याच्या सभासदांची भांडणं, हे त्यांचं काम. कोर्टच बंद असल्यानं त्या दिवसांत त्याही घरी होत्या. जुना करार आणि नव्या कागदाची प्रिंट घेऊन मी गेले तेव्हा त्या पायरीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या.

"काकू, तुमच्या धंद्यातला मी एकही कागद आजवर वाचलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण करार तो करार. ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात लांब खुर्ची टाकून बसवलं आणि सगळं मराठीत सांगितलं. जुन्या करारात एक कलम होतं. युद्ध, आग, संप, महापूर किंवा माणसाच्या हातात नसलेलं असं काहीही संकट आलं तर कंपनीला करार थांबवता येईल. महापूर हा शब्द करार नवा करताना त्यात मुद्दाम घातलेला होता, कारण आदल्या वर्षी पंचगंगेच्या पाण्यानं सेटची वाट बंद झाली होती. साथीचा शब्द नव्हता. पण 'असं काहीही' यात साथ बसवता येत होती.

"म्हणजे ते बरोबर आहेत?" मी विचारलं.

"तिथवर बरोबर आहेत. आता नवा कागद बघा. यात म्हटलंय की संकटामुळे कंपनीची जबाबदारी थांबली, तुम्हाला काम देणं बंधनकारक नाही, आणि तुम्ही कसलाही दावा करणार नाही. पण दुसरीकडे काम करायचं नाही ही तुमच्यावरची अट मात्र चालूच."

"म्हणजे मी घरातही बसायचं आणि त्यांचीही राहायचं."

"तसंच. बैल गोठ्यात बांधून ठेवायचा, पण वैरण टाकायची नाही." त्यांनी कागदाची घडी केली. "थांबलं तर दोन्हीकडून थांबलं. नाहीतर कुणाचंच थांबलं नाही. एवढं साधं उत्तर लिहू."

आम्ही ते उत्तर पाठवलं. सही करत नाही, एक तर मोकळं करा, नाहीतर घरातून करता येईल असं काम द्या. फोनवर बोलण्याचे प्रसंग लिहा, मी माझ्या खोलीतून बोलते. कंपनीकडून उत्तर आलं की सध्याची परिस्थिती अभूतपूर्व आहे, आपण समजून घ्याल. बस, एवढंच.

मालिकेचे नवे भाग सुरू झाले तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. मुलगा, सून, नात. पहिल्याच भागात घराचा पुढचा सोपा दिसला, आणि भिंतीवर माझा फोटो. हार घातलेला. खाली उदबत्ती. माझा भाऊ झालेला नट डोळे पुसत म्हणाला की ताईचं असं अचानक गावाकडे जाणं, आणि तिकडेच सगळं संपणं, आमच्या घराचा आधारच गेला.

नातीनं माझा हात धरला. सून चटकन उठून स्वयंपाकघरात गेली. मला आधी हसू आलं. मग मी उठून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येणारा दारात थबकला आणि म्हणाला, "आत्या, काल बघितलं. घरात सगळी रडली वो." शिरोळहून माझ्या बहिणीचा फोन आला, की तिच्या शेजारणीनं खरंच विचारलं, कधी गेल्या म्हणून. दिवसभर मी लोकांना जिवंत असल्याचं सांगत होते. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, चप्पल काढता काढता म्हणाला, "आई, हे त्यांनी बरोबर नाही केलं. तुला विचारायला तरी पाहिजे होतं." नियम त्याला अजूनही पटत होता. पण त्या दिवसापासून त्यानं मला गप बस म्हटलं नाही.

मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनीही तो भाग पाहिला होता.

"काकू, फोटो कुणी काढलाय?"

"कंपनीनंच. मालिकेच्या सुरुवातीला."

"आणि करार थांबलाय असं त्यांनीच आपल्याला लेखी कळवलंय. मग हा फोटो रोज कुठल्या कराराखाली लावतायत?" त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "मारायची एवढी घाई करायला नको होती त्यांनी."

हे चालू असतानाच मुंबईत एका ज्येष्ठ कलाकारानं या नियमाविरुद्ध हायकोर्टात धाव घेतल्याचं कळलं. छोट्या छोट्या भूमिका करून जगणारा माणूस, माझ्यासारखाच. मी त्याला ओळखत नाही, कधी भेटलेही नाही. रोज सकाळी मी पेपरात त्याची बातमी शोधायची. आणि एक दिवस वकीलबाईंचाच फोन आला: कोर्टानं नियम रद्द केला. बाकी धंद्यांत वयाची अशी अट नसताना याच धंद्यात का, याचं पटेल असं कारण सरकारला देता आलं नाही. नुसत्या वयावरून माणसाचं पोट असं तोडता येत नाही.

मी लगेच दादांना फोन केला. ते म्हणाले, "नियम गेला, बरं झालं. पर माझ्या जागी दुसरा पोरगा घेतलाय त्यांनी. मला तर कागद पण न्हाय दिला कधी. तुमचं निदान काढून टाकायला तरी काहीतरी हाय."

हे मला लागलं. इतकी वर्षं आम्ही एका गाडीतून जात होतो आणि हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. मला कंपनीनं निदान कलमाखाली थांबवलं. त्यांना नुसतं बोलावलं नाही, संपलं.

मुंबईहून कंपनीचे साहेब सेटवर आले होते तेव्हा आम्ही भेट मागितली. मी, वकीलबाई आणि दादा. दारात माझा ताप मोजला, हातावर सॅनिटायझर ओतलं. अंगणात लांब लांब खुर्च्या टाकल्या होत्या. सोप्यात माझा फोटो तसाच होता. हार कागदाचा आहे हे जवळून कळत होतं. जाता येता युनिटमधली मुलं मला वाकून नमस्कार करत होती.

साहेब नम्र होते. "मॅडम, तुमच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण कथा पुढे गेली. कॅरेक्टर गेलेलं आहे. आता परत कसं आणायचं?"

"मला परत यायचंच नाही," मी म्हणाले. "मेले ते मेले. पण करारात मी अजून जिवंत आहे, तेवढं मिटवा."

वकीलबाईंनी शांतपणे मांडणी केली. काम बंद करायचं तर करारात ठरलेली पूर्वसूचना आणि तिचा मोबदला. आजपासून दुसरीकडे काम करायची पूर्ण मोकळीक. फोटो पुढे लावायचा असेल तर त्याची वेगळी लेखी परवानगी.

फोटोचा विषय निघाला तसे साहेब सावरून बसले. वाहिनीला प्रत्येक गोष्टीचे हक्क कागदावर लागतात, हे वकीलबाईंनी आधीच शोधून ठेवलं होतं. "त्यावर आपण बोलू," ते म्हणाले. "तुमची अपेक्षा काय आहे?"

"फोटो फुकट लावा," मी म्हणाले. "हे दादा बसलेत, त्यांना कामावर परत घ्या. लेखी. आणि सेटवरच्या लोकांचा जो विमा तुम्ही काढलाय, त्यात त्यांचं नाव घाला."

दादांनी मान वर केली. त्यांना मी हे आधी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर ते आलेच नसते. साहेब म्हणाले, "त्यांचा आमच्याशी करार नाही. ते रोजंदारीवर आहेत. विम्याला वयाचीही अडचण येते."

"रोज तुमची गाडी त्यांना न्यायला यायची," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हीच दिलेलं ओळखपत्र त्यांच्या खिशात आहे. कागद नाही म्हणून माणूसच नव्हता, असं म्हणायचंय का तुम्हाला? आणि वयाची अडचण विमा कंपनीला असेल तर तिला विचारा. विचारलंय का?"

विचारलेलं नव्हतं. साहेब फोन घेऊन उसाच्या कडेला गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. आम्ही तिघं अंगणात बसून राहिलो. दादा हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझ्यापायी तुमचं बिघडवू नगा."

"तुम्ही गप बसा," मी म्हणाले. "रंग लावताना बसता तसं."

साहेब परत आले ते राजी होऊनच. जास्तीचा हप्ता भरून नाव घालता येत होतं. संध्याकाळपर्यंत ईमेल आला, वकीलबाईंनी त्यातले दोन शब्द बदलायला लावले, आणि मग मी सही केली. आठवड्यानं दादा मास्क, हातमोजे आणि तोंडापुढे काच लावून कामावर गेले. मी कपाटात अंथरुणं टाकून त्यात मोबाईल ठेवला, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि पुण्याच्या संस्थेसाठी गोष्टी वाचायला बसले.

पुढच्या उन्हाळ्यात रोग पुन्हा उसळला. चित्रीकरण पुन्हा बंद झालं, आणि या वेळी कंपनी मोजकी माणसं घेऊन गोव्याला गेली. दादांना नेलं नाही. बागायतदाराचं घर रिकामं झालं. आणि त्याच दिवसांत दादा आजारी पडले. भाच्याच्या घरी कार्य होतं, तिथून आले आणि तापानं फणफणले. त्यांच्या सुनेनं मला फोन केला तेव्हा त्यांना दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला होता.

विम्यासाठी कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, ते आता युनिटमध्ये नाहीत. वकीलबाईंनी तो ईमेल पुन्हा पाठवला. विमा वर्षभराचा होता, फक्त गोव्याला गेलेल्यांपुरता नव्हता. दोन दिवस फोनाफोनी झाली. मी एक्स्चेंजची सगळी शिकवण वापरली: आवाज चढवायचा नाही, फोन ठेवायचा नाही, समोरच्याचं पद विचारायचं आणि त्याच्या वरच्याला जोडून द्या म्हणायचं. शेवटी दवाखान्याला मंजुरीचा निरोप गेला.

त्या रात्री मुलगा म्हणाला नाही की बघ, मी सांगत होतो. म्हणाला असता तरी मी रागावले नसते. माझ्या मनातही ते येऊन गेलं होतं: मी त्यांना कामाला लावलं, आणि त्यांना सेटवरच लागण झाली असती तर? दादा घरी आल्यावर मी त्यांना हे सरळ विचारलं. ते उशीला टेकून बसले होते, आवाज निम्मा झाला होता.

"लग्नात झालं मला," ते म्हणाले. "तिथं कुणी वय इचारलं न्हाय. आणि काम नसतं तर मी त्या वर्षात बसून बसूनच गेलो असतो. तुम्ही डोक्यातनं काढा ते."

हाताला कंप राहिला, त्यामुळे डोळ्यांची रेघ त्यांना आता ओढता येत नाही. त्यांची सून ओढते. ती त्यांच्या हाताखाली तयार झाली, इथल्या कामांना तीच जाते, आणि जाण्याआधी कागद मागते. दादा ओट्यावर बसून तिच्या कामातल्या चुका काढतात, आणि त्या ऐकायला गल्लीतल्या दोन-चार मुलीही येऊन बसतात.

मी सत्तरी ओलांडली. मधे दोन मालिका झाल्या, एका सिनेमात छोटं काम झालं. गेल्या महिन्यात पेठ वडगावात एका नव्या मालिकेसाठी विचारलं. सासूची सासू, पानाचा डबा घेऊन बसणारी. करार आला. आता मी तो मराठीतही मागते, आणि देतात. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: पासष्ट वर्षांवरील कलाकार स्वतःच्या जबाबदारीवर काम करतील आणि आजारपण किंवा अपघात झाल्यास कंपनी बांधील राहणार नाही.

मी वकीलबाईंना फोन केला, पण त्या कोर्टात होत्या. मग मी पेन घेतलं, ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, बाकी सगळ्या पानांवर सह्या केल्या आणि परत पाठवलं. तिथला मॅनेजर नवखा होता. त्यानं फोन केला.

"मॅडम, ती ओळ सगळ्यांच्याच करारात असते."

"असू दे की. माझ्यात नाही."

"वर विचारावं लागेल."

"विचारा. मी घरीच आहे."

तीन-चार दिवस काहीच आलं नाही. सून म्हणाली, गेलं वाटतं हे काम. मी म्हणाले, गेलं तर गेलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटत होतं. भूमिका चांगली होती. मग शनिवारी दुपारी त्याचा निरोप आला: ओळ काढली आहे, सोमवारी गाडी पाठवतो, पत्ता कळवा.

मी पत्ता कळवला.